पदराखालची कॉलर

मार्च लागला, उसाच्या शेवटच्या ट्रॉल्या कारखान्याकडे गेल्या, की आमच्या भागात लग्नसराईचे बांबू उभे राहतात. खांबाखांबाला फ्लेक्स. त्यावर नवरा-नवरी, नवऱ्याचे मामा, मामांचे पुढारी आणि त्या पुढाऱ्यांचे पुढारी, सगळे हात जोडून हसत असतात. दुपारी वारा सुटला की ही सगळी मंडळी फडफडायला लागतात. शाळा सुटल्यावर मी न्हावऱ्याकडून चौफुल्याला मोटारसायकलवर येतो तेव्हा ऊन तोंडावर असतं आणि रस्ताभर हे चेहरे सोबतीला असतात. भीमेचा पूल ओलांडला की शिरूर तालुका संपून दौंड लागतो. पुलावर जलपर्णीचा कुजका वास येतो, पलीकडे पुन्हा तेच फेटे आणि तीच नथ. बाकीचे लोक या फ्लेक्सवर आपलं नाव शोधतात. मी नवरीचा गळा बघतो. मान संपून साडी जिथं सुरू होते तिथं जोड दिसतो का, ते बघतो. ही खोड मला तीन वर्षांपूर्वीच्या लग्नसराईत लागली. ती कशी लागली हे सांगण्यात मला काही भूषण नाही.

मी चित्रकलेचा शिक्षक. घोड नदीच्या अंगाला एका गावातल्या शाळेत आहे. चित्रकलेचा शिक्षक म्हणजे शाळेतला सगळ्यात रिकामा माणूस अशी सर्वांची समजूत असते, त्यामुळे सगळी कामं त्याच्याकडे येतात. फळ्यावर रोजचा सुविचार, पाहुण्यांसाठी रांगोळी, भिंतीवर झाडे लावण्याचा उपदेश, मुलांच्या ओळखपत्रांचे फोटो. संध्याकाळी आणि रविवारी मी वरवंडला एका मित्राच्या फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करायचो. दुकानात शाईचा असा वास असे की जेवताना भाकरीलाही तोच लागे. माझा हात चांगला होता. काळ्याला गोरं, टकल्याला केसाळ आणि भांडलेल्या दोन भावांना एका चौकटीत शेजारी आणणं मला सहज जमायचं.

त्याच वर्षी एका प्रशिक्षणाला जाऊन आलो होतो. तिथल्या बाईंनी सांगितलं, मुलांना नुसती चित्रं काढायला लावू नका, चित्रं वाचायला शिकवा. समोर एक चित्र लावा. काय दिसतं ते विचारा. मूल काही बोललं की ते कशावरून म्हणतोस, असं विचारा. एवढंच. मुलं विचार करायला लागतील. प्रशिक्षणात सांगितलेलं सहसा परतीच्या एसटीतच उतरून जातं. हे मात्र माझ्या डोक्यात बसलं, कारण तो प्रश्न विचारताना आपण फार मोठे वाटतो.

शनिवारची शाळा सकाळची. शेवटचा तास माझा. पहिल्या शनिवारी मी त्यांची निसर्गचित्रंच भिंतीला लावली. पन्नास चित्रं, शंभर डोंगर, पन्नास सूर्य, नारळाची झाडं. आमच्या गावातून चहूबाजूंनी बघितलं तरी ऊस आणि विजेचे टॉवर दिसतात. एका मुलाला उभं केलं आणि विचारलं, "हा डोंगर कुठं आहे?" तो म्हणाला, "तिकडं." "कशावरून?" मी आणखी तीनदा विचारलं. त्याचे डोळे भरले तेव्हा वर्ग हसला आणि मीही हसलो. मला वाटलं, विचार करायला लागला. तो फक्त रडत होता.

पण हळूहळू रंगत आली. कुणी इनामगावच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावरून नक्षी असलेलं खापर घेऊन आलं. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या कुणीतरी त्यावर काळ्या रंगात रेघा ओढलेल्या. मी ते हातोहात फिरवलं. कुणी म्हणालं पाणी, कुणी म्हणालं साप. मागच्या बाकावरची वैष्णवी म्हणाली, "सर, काढणारानं घाईत काढलंय."

"कशावरून?"

"पयली रेघ जाड हाय. मंग बारीक बारीक होत गेली. रंग परत बुडवायला थांबला न्हाई त्यो."

इतकी वर्षं चित्रकला शिकवून मला ते दिसलं नव्हतं. वैष्णवी धनगराची. तिचे आजोबा पूर्वी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे, आता घरची दोन एकर आणि चार शेळ्या. मी तिला विचारलं, हे बघायला कुठं शिकलीस? ती लाजून म्हणाली, "आबा मेंढरं तोंडावरनं वळखायचं. आमाला दोन दाखवायचं आन् म्हणायचं, सांग फरक." म्हणजे माझ्या बाईंचं प्रशिक्षण तिच्या घरी तीन पिढ्या चालू होतं आणि त्याला प्रमाणपत्र लागत नव्हतं. मला थोडा रागच आला. पण शिक्षकाला हुशार मुलाचा राग आला की तो त्याला शाब्बास म्हणतो. मी शाब्बास म्हणालो.

चित्रांचा तुटवडा मला कधी पडला नाही. दुकानात छपाई बिघडलेले फ्लेक्स पडून असायचे. काही लोक ते कांद्याच्या ढिगावर टाकायला न्यायचे, मी मागच्या पांढऱ्या बाजूला रंगकाम करायला शाळेत न्यायचो. त्या शुक्रवारीही मी एक गुंडाळी उचलली. एका लग्नाचा फ्लेक्स छापताना मशिनमधली गुलाबी शाई संपली होती, चेहरे हिरवे पडले म्हणून मित्रानं मध्येच मशिन थांबवलं. खालची नावं छापलीच गेली नाहीत. नवी शाई रविवारी पुण्याहून येणार होती आणि मग फ्लेक्स परत छापायचा होता. तोवर तो हिरवा तुकडा माझ्या मोटारसायकलला बांधून शाळेत आला.

शनिवारी पोरींनी गुंडाळी उलगडली आणि हसू फुटलं. मी म्हटलं, चला, आज हेच चित्र. टाचण्या मारून फळ्यावर लावला. "काय दिसतंय?"

"गणपती!"

"नवरा-नवरी!"

"सर, नवरीला कावीळ झालीय!"

मी उत्तरं फळ्याच्या कडेला लिहीत होतो आणि तीच माझ्या वहीत उतरवून घेत होतो. ही सवय मी लावून घेतली होती, पुढच्या प्रशिक्षणात दाखवायला. वैष्णवीचा हात वर होता. तिच्या शेजारची जागा दोन आठवडे रिकामी होती. तिथं साक्षी बसायची. हजेरीला तिचं नाव घेतलं की कुणीतरी सांगे, मामाच्या गावाला गेलीय, आजी आजारी हाय.

"सर, नवरीचं तोंड आन् अंग येगळं हाय."

"कशावरून?"

"खांदं मोठ्या बाईचं हायती, मान बारक्या पोरीची. आन् हात बघा. बोटात आंगठी रुतलीय, म्हंजी बाई जाड हाय."

बरोबर होतं. फ्लेक्सच्या दुकानात साडी नेसलेल्या, दागिने घातलेल्या बायकांची बिनडोक्याची चित्रं तयार ठेवलेली असतात. आम्ही त्याला बॉडी म्हणायचो. ज्या नवरीचा साडीतला फोटो नसेल तिचं डोकं कापून बॉडीवर बसवायचं. मी शाब्बास म्हणालो आणि फळ्यावर लिहिलं : खांदे, मान, हात.

"आन् सर, नवरी शाळंत जाती."

वर्ग खिदळला. मी मजेत विचारलं, "कशावरून?"

ती उठून फळ्यापाशी आली. हिरव्या नवरीच्या गळ्यावर बोट ठेवलं. "पदराखाली कॉलर राह्यलीय. निळ्या काठाची." मग तिनं स्वतःची कॉलर दोन बोटांनी धरून त्याच्याशेजारी नेली. तोच काठ, तीच शिवण. हसणं अर्ध्यात थांबलं. तिचं बोट कानाकडे सरकलं. "आन् ही पिन. हिच्यावरची टिकली पडल्याली. ही माझी हाय. साक्षीला म्याच दिली व्हती."

वर्गात कुणीतरी हळू म्हणालं, "आयला, साक्षी हाय ही."

फळ्यावर साक्षीच होती. आणि ती साडी तिला मी चढवली होती. दोन दिवसांपूर्वी, वरवंडच्या दुकानात, पंख्याखाली बसून.

मी तिला ओळखलं नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगितलं. स्वतःलाही सांगतो. संगणकावर फोटो इतका मोठा करून काम चालतं की चेहरा दिसतच नाही, नुसती एक भुवई दिसते, नाकाची कड दिसते. खालची नावं शेवटी मित्र टाकायचा. हे खरं आहे. पण तो फोटो ओळखपत्राचा होता, आणि ओळखपत्रांचे फोटो शाळेत मीच काढतो. साक्षीला चार वर्षं मी शिकवत होतो. ती रंग पातळ करायची आणि कागद भिजवायची, त्यावरून मी तिला रागवायचो. त्या दिवशी मी तिचा गाल दोन छटा उजळ केला, कानात झुबे घातले, भांग सरळ केला. आणि ओळखलं नाही. माझ्यासमोर दुसरा कुणी असं सांगत बसला असता तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

"सर, मंग आता?" वैष्णवीनं विचारलं. ती अजून फळ्यापाशीच उभी होती.

"आता काय?"

"फोन करायचा आसतो न्हवं? भिंतीवर तुमीच लिव्हलंय. आमी केला तर आमचं नाव फुटंल. तुमी करा."

ऑफिसबाहेरच्या भिंतीवर मी पुस्तक घेतलेली मुलगी रंगवली होती आणि खाली, अशा वेळी कुठं कळवायचं, तो नंबर. चांगल्या ऑइलपेंटमध्ये, दोन हात देऊन. एकूणएक मुलं माझ्याकडे बघत होती. प्रशिक्षणातल्या बाईंनी मूल उत्तर द्यायला लागेपर्यंतचं सगळं सांगितलं होतं. उत्तर बरोबर निघाल्यावर मास्तरनं काय करायचं, ते काही सांगितलं नव्हतं.

"बघतो मी," म्हणालो. "चला, वह्या काढा."

हेडसर चहा पीत होते. मी सांगितलं. त्यांनी कप खाली न ठेवता विचारलं, "फ्लेक्स कुणी केलाय?"

"मी."

"मग फोनवर काय सांगणार? नवरीला साडी मीच नेसवली म्हणून?" ते बराच वेळ हसले. वाईट माणूस नाही तो. त्यांची स्वतःची मुलगी पुण्यात इंजिनिअर आहे आणि तिच्या लग्नाचं नाव काढलं तर घरात कुणी ऐकून घेत नाही. ते म्हणाले, "सर, पोरांना चित्रं दाखवा की. चष्मे कशाला वाटता? आप्पा कमिटीवर आहेत. तुम्हाला कायम करायचा विषय त्यांच्याच पुढं आहे. मी काय सांगू?"

आप्पा म्हणजे साक्षीचे चुलते. सोसायटीत आहेत, शाळेच्या कमिटीत आहेत, गावात त्यांच्या शब्दाबाहेर पाणीसुद्धा सुटत नाही. रविवारी सकाळी ते स्वतः दुकानात आले. मी उठून उभा राहिलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बसवलं आणि स्टूल ओढून शेजारी बसले.

"सर, तुमचा हात लई गुणाचा. माझ्या वाढदिसाचा फ्लेक्स लोक आजून नाव काढत्यात."

मी काहीतरी पुटपुटलो.

"कॉलर राह्यली म्हणं जरा."

गावात बातमी एका दिवसात नदीपलीकडे जाते, हे मला माहीत होतं. मी म्हणालो, "आप्पा, पोरगी नववीत आहे." हे वाक्य मी म्हणालो होतो. त्यानंतर कित्येकदा मी ते स्वतःला आठवून दिलं आहे.

"व्हय. हुशार हाय. म्हणून तर असलं ठिकाण आलं. तिकडं बागायत हाय, सासू न्हाई, काय न्हाई." ते समजुतीनं बोलत होते. "तिचा बाप साधा माणूस. त्याला लई काळजी. सर, तुमाला मुलगी झाली म्हंजी कळंल. आन् तुमचा कायमचा इषय म्या मांडलाय बरं का. तुमच्यासारखा माणूस शाळंत पायजेच." मग स्क्रीनकडे बघून हसले. "पोरांच्या नजरा मातर लई तिखट केल्यात तुमी. तेवढी कॉलर बगा. बाकीचं आमी बगतो."

ते उठून गेले. त्यांनी दम दिला नाही. दिला असता तर आज मला बरं वाटलं असतं.

मी फाइल उघडली. बॅगेतून वही काढली. शनिवारची तारीख घातलेलं पान उघडलं आणि मॉनिटरला टेकवून ठेवलं. वैष्णवीची उत्तरं ओळीनं लिहिलेली होती आणि मी त्याच ओळीनं गेलो. खांदे : दोन्ही बाजूंनी आत घेतले. मान : थोडी भरली, खाली सावली टाकली, जोड मिटला. हात : दुसऱ्या बॉडीचे लावले, सडपातळ, बोटं मोकळी. कॉलर : पुसली आणि तिथं मण्यांची माळ आणली. पिन : काढून गजरा घातला. मग माझ्या मनानं डोळ्यांत काजळ ओढलं, ओठाच्या कोपऱ्याला एक बारीकशी रेघ दिली, त्यानं वय चढतं. मुलगी एकोणीस-वीसची दिसायला लागली. एरवी फ्लेक्सला मी इतका जीव लावत नाही. त्या दिवशी चहा दोनदा गार झाला. आणि खरं सांगायचं तर मला मजा आली. इतकी नेमकी चूक दाखवणारं कुणी मला आजवर भेटलं नव्हतं. मी भिंतीवरचा नंबर फिरवला नाही. फोन टेबलावरच पालथा पडला होता आणि तो चार्ज होता.

गुलाबी शाई आली. फ्लेक्स छान आला. मित्र म्हणाला, हिचा ओरिजिनल फोटोच असा असंल असं वाटतंय.

लग्न झालं. मी जेवायलाही गेलो, शाळेच्या स्टाफबरोबर, एका पंगतीला. साक्षी स्टेजवर लांब होती, इतकी रंगवलेली की तिथं माझ्या कामाची गरज नव्हती. हेडसरांनी जिलेबी मागून घेतली.

मागच्या वर्षी ती मला भांडगावच्या थांब्यावर दिसली. कडेवर मूल, पायाशी पिशवी. तिनंच हाक मारली, "सर!" मी मोटारसायकल थांबवली. खांदे रुंद झाले होते, दंड भरले होते, बोटात अंगठी रुतली होती. जी बॉडी मी तिला आधी लावली होती ती दोन वर्षांत तिला बरोबर बसली होती. "बरं चाललंय ना?" विचारलं. "व्हय, सर," म्हणाली. मग विचारलं, "शनिवारी आजून चित्रं लावता का?" मी म्हटलं, नाही, आता बंद केलंय. ती म्हणाली, "का वो? मला लई आवडायचं ते." बस आली आणि ती मुलाला सावरत चढली. उन्हात बसचा दरवाजा बंद झाला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणीही मला तेव्हा आवडलं, याची मला लाज वाटते.

शनिवारचा तास मी का बंद केला ते विचारणारी ती पहिलीच. शाळेत कुणी विचारलं नाही. मी कायम झालो आणि त्या तासाला भेटकार्डं करायला शिकवतो. रंगीत कागद, कात्री, डिंक. मुलं खूश असतात, पालक खूश असतात, हेडसर तर पाहुणे आले की मुद्दाम तो वर्ग दाखवतात.

बंद केला तो त्याच लग्नाच्या आठवड्यात. फ्लेक्स शाळेच्या फाटकाजवळच्या चौकात लागला होता, पुरुषभर उंच. शनिवारी मी लवकर आलो तर वैष्णवी त्याच्याखाली एकटीच उभी होती. पाठीला दप्तर, मान वर. अजून ऊन चढलं नव्हतं. लिंबाचा मोहोर रस्त्यावर सांडला होता. मी गाडी लावली आणि तिच्या मागे जाऊन थांबलो. तिला माझी चाहूल लागली, पण तिनं वळून बघितलं नाही.

"सर, आता काय बी न्हाई राह्यलं," ती म्हणाली. "कॉलर न्हाई. पिन न्हाई. मान बी बसलीय. हात बी दुसरं हायती." ती बोटांवर मोजत होती. "म्या जे जे सांगितलं ते ते वळीनं नीट केलंय."

मी म्हणालो, "दुकानवाल्याच्या लक्षात आलं असेल."

तिनं मान हलवली. फ्लेक्सच्या कोपऱ्यात एक वेल होती, नावांच्या भोवतीनं फिरवलेली. तिच्याकडे बोट केलं. "ही येल तुमची हाय. फळ्यावर सुविचाराभवती काढता तीच. पानाचं टोक तुमी कायम डावीकडं वळवता."

मला ते माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी ती वेल काढत होतो. मी वर बघितलं. एकूणएक पान डावीकडे वळलेलं होतं.

मला वाटलं, आता ती रडेल किंवा मला काहीतरी बोलेल. दोन्हीची मी तयारी केली, समजूत घालायची वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली. ती वळली आणि माझ्याकडे सरळ बघत, वर्गात शंका विचारावी तशा आवाजात, तिनं विचारलं, "सर, मी गप बसले आसते तर कॉलर तशीच राह्यली आसती न्हवं? मंग आख्ख्या गावाला दिसली आसती. कुणी ना कुणी बोललं आसतं."

मी "हो" म्हणालो.

तिनं समजल्यासारखी मान हलवली. दप्तराचा पट्टा खांद्यावर नीट केला आणि फाटकातून आत गेली. पुढं दहावी होईपर्यंत ती माझ्याच वर्गात होती. मी काहीही विचारलं तरी तिनं पुन्हा कधी हात वर केला नाही.